मागचे दोन लाल दिवे

"पुढचं दिसलं म्हणजे झालं, दादा. मागं बघायला कोण बसलंय?" काका बॉनेटखाली वाकूनच म्हणाले, आणि पापा हसले.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी शूशू सोलत होते. या भाजीचा चीक बोटांवर वाळतो आणि कातडी ताणल्यासारखी होते. त्या रविवारची दुपार आठवली की आजही माझी बोटं तशीच ताणली जातात. खिडकीबाहेर पत्र्याची शेड होती, शेडखाली पापांची टॅक्सी, आणि पत्र्यावर आमच्या व्हाकोआ गावाचा पाऊस. तो पडतोय असं कुणी म्हणत नाही, फक्त वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच असतात. आई स्टोव्हवर व्हॅनिला घालून चहा उकळत होती. काकांचं बोलणं तिनेही ऐकलं असणार. ती एवढंच म्हणाली, की चहाबरोबर डाळीचे मिरचीवडे देऊ का ते विचारून ये. मी गेले नाही. मी जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. थोड्या वेळाने ती स्वतःच बशी घेऊन बाहेर गेली.

पापा पहाटेच घर सोडत. माएबूर्गजवळच्या एका हॉटेलात सकाळच्या पाळीला जाणाऱ्या तीन-चार बायका-माणसांना ते रोज पोचवत, आणि मग दिवसभर विमानतळावर भाडं मिळेल त्याची वाट बघत. आमच्या घरापासून पार नुव्हेल फ्रांसपर्यंतचा रस्ता उंचावरून जातो. थंडीच्या महिन्यांत तिथे पहाटे इतकं धुकं असतं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसू नये. मोठे दिवे लावले तर तो सगळा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येई. पापा म्हणत, समोर कुणी चुन्याची भिंत बांधलीय असं वाटतं. बंपरखाली बसवलेले पिवळे धुक्याचे दिवे त्या भिंतीच्या खालून रस्ता दाखवत. पण ते एकटे लागत नसत. गाडी बनवतानाच त्यांची तार मोठ्या दिव्यांच्या तारेला जोडलेली होती. मोठे लावले तरच हे लागायचे, आणि मोठे लावले की भिंत उभी राहायची. म्हणून पापांनी काकांना बोलावलं होतं.

काका रिव्हिएर दू रांपारकडे राहत आणि तिथल्या साखर कारखान्यात विजेचं काम करत. रविवारी दोन बस बदलून आमच्याकडे येत. पापांपेक्षा ते धाकटे, पण तारेचा आणि यंत्राचा विषय निघाला की आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी खिडकीतून पाहिलं, कारण बोलण्याऐवजी बघणं हाच माझा उद्योग होता. काड्यापेटीएवढ्या एका डबीतून, तिला ते रिले म्हणत, त्यांनी एक पातळ तार सोडवली, मोठ्या दिव्यांकडून आलेली. तिचं टोक त्यांनी टेप गुंडाळून बाजूला वळवलं. मग थेट बॅटरीवरून एक नवी लाल तार घेतली, मध्ये फ्यूज बसवला, ती आत डॅशबोर्डखाली नेली, आणि स्टिअरिंगच्या डावीकडे एक छोटं बटण लावलं. बटण दाबलं की बॉनेटखाली 'टक' असा आवाज येई आणि खाली दोन पिवळे डोळे उघडत. डाव्या हाताची मधली दोन बोटं नसताना काका हे सगळं इतक्या सफाईने करत, की बघणाऱ्याला ती बोटं जास्तीचीच होती असं वाटावं.

त्या दोन बोटांबद्दल इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सात-आठ वर्षांची असताना काका आमच्याकडेच राहत आणि सायकलवरून जवळच्याच एका कारखान्यात कामाला जात. आमच्या घरात एक नियम होता, आईच्या माहेरीही होता आणि इथल्या आमच्या सगळ्या लोकांत तो बोटीतून या बेटावर मजुरीला आलेल्या म्हाताऱ्यांपासून चालत आलेला: निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. कुठे जाता विचारायचं नाही, काही विसरलं तरी ओरडायचं नाही. हाक मारलीच गेली तर त्या माणसाने परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, आणि मग पुन्हा निघायचं. एका सकाळी काकांचा जेवणाचा डबा ओट्यावर राहिला. मी धावत फाटकाशी गेले आणि मोठ्याने "काका!" म्हणून ओरडले. ते परत आले, डबा घेतला, माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि उशीर झाला म्हणून पाणी न पिताच गेले. दुपारी कारखान्यात त्यांचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला.

मला कुणी रागावलं नाही. आईने फक्त त्या रात्री माझी वेणी घालताना विचारलं, "तू हाक मारलीस का गो?" आणि मी मान हलवली. काकांनी तर त्याची थट्टाच करून टाकली. कुणी पाहुणं आलं की ते म्हणत, आमच्या सावूची हाक महाग आहे, एका हाकेला दोन बोटं. सगळे हसत. मीही हसत असे. त्यांना मी फार आवडत असे, म्हणूनच ती थट्टा ते इतक्या वेळा करत, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की तोंड बंद ठेवलेलं बरं. पुढे मला इंग्रजी शाळेत घातलं आणि बंद ठेवायला एक चांगलं कारण मिळालं. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर क्रेओल, घरात आमची मराठी. कुठलंही वाक्य मनात तयार होई ते इंग्रजीत, आणि ते घरच्या भाषेत वळवेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असे. ज्या मराठीत मी ही पानं लिहिते आहे ती मी पन्नाशीनंतर नीट शिकले.

तर काम संपलं. आईने दोन्ही पिवळ्या दिव्यांना हळदकुंकू लावलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. काकांनी पापांना दोनदा बजावलं, "ब्रुयार असलं की मोठं बटण पूर्ण आत. त्याला हात लावायचा नाय. फकस्त हे नवीन." ब्रुयार म्हणजे धुकं, आणि मोठं बटण म्हणजे मोठ्या दिव्यांचं, ओढून लावायचं. पापांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली.

सोमवारी पहाटे मी रोजच्यासारखी फाटक उघडायला उठले. शाळेची शेवटची परीक्षा होऊन गेली होती, निकाल लागायचा होता, आणि घरात मला दिलेली दोनच कामं होती: तांदूळ निवडणं आणि पापा निघाले की फाटक लावणं. दुसरं मला आवडत असे. गाडी रस्त्याला लागली की तिचे मागचे दोन लाल दिवे धुक्यात हळूहळू बारीक होत, आणि ते दिसेनासे होईपर्यंत मी आकडे मोजत उभी राही. दाट धुक्यात वीस, विरळ असलं तर चाळीस. का मोजत असे ते माहीत नाही. कदाचित निरोप द्यायची ती माझी पद्धत असेल, कारण हात हलवायलाही मला लाज वाटे.

त्या दिवशी 'टक' झालं, पिवळा उजेड फाटकाच्या खांबांवरून सरकला, गाडी डावीकडे वळली. मी मोजायला सुरुवात केली आणि तीनपर्यंत आले तेव्हा तिथे काहीच नव्हतं. इंजिनाचा आवाज होता, पण गाडी नव्हती. मला वाटलं धुकं जास्त आहे. दुसऱ्या दिवशी धुकं कमी होतं. समोरच्या घराचं कुंपण दिसत होतं, तरीही तीनच. तिसऱ्या दिवशी मी मोजलंच नाही. फाटकाची थंड कडी हातात धरून नुसती बघत राहिले, आणि पापांची गाडी एखाद्या बंद कपाटासारखी काळी, बिनडोळ्यांची, माझ्यासमोरून निघून गेली.

मी खोलीत जाऊन शाळेच्या वहीत आकृती काढली. अशा आकृत्या मला पाठ होत्या. मोठं बटण पहिल्या खेचेला पुढचे छोटे दिवे लावतं आणि त्याबरोबर मागचे लाल. दुसऱ्या खेचेला मोठे. आता पापा ते बटण ओढतच नव्हते. नवं बटण फक्त दोन पिवळे दिवे जाणत होतं. समोर उजेड दिसत असल्यामुळे पापांना आपल्या गाडीचे सगळे दिवे लागलेत असं वाटत होतं. आणि मागून, ऊसतोडीच्या त्या दिवसांत, कारखान्याकडे जाणाऱ्या लॉऱ्या त्याच रस्त्याने, त्याच धुक्यात उतरत होत्या. संध्याकाळी परत येताना ते मोठे दिवे लावत, तेव्हा सगळं ठीक असे. दिवसा कुणाला दिव्यांची गरज नव्हती. ती गोष्ट फक्त पहाटे, फक्त मागून दिसत होती, आणि मागे मी एकटी होते.

मी आईला सांगायचा प्रयत्न केला. तिच्या हाताखाली फराट्याचं, म्हणजे पराठ्याचं, पीठ मळत होते तेव्हा म्हणाले, "आई, गाडीला मागून काही लागलं तर..." तिने लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "रोज रस्त्यावर जाणाऱ्याबद्दल असलं बोलू नये गो," ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे, विनवणी केल्यासारखी. तिने माझ्या वाक्याचा अर्धाच भाग ऐकला होता, आणि तोच तिला पुरेसा होता.

मग मी ती आकृती वहीतून कापली, लाल पेन्सिलीने मागच्या दिव्यांपाशी फुली मारली, आणि डॅशबोर्डवर ठेवली. पापांनी ती शनिवारी पाहिली आणि रविवारसाठी, काकांना दाखवायला, जपून ठेवली. रविवारी मला शेडमध्ये बोलावलं. काका कागद हातात घेऊन उभे होते. मला वाटलं होतं ते हसतील, पण त्यांनी एका बोटाने कागदावरची प्रत्येक तार पार शेवटपर्यंत गिरवली आणि म्हणाले की बरोबर काढलंय, सगळं बरोबर काढलंय. मग फुलीपाशी थांबले. "तुला वाटतं मागचे दिवे मी तोडले?"

त्यांनी पापांना गाडीत बसवलं आणि मोठं बटण ओढायला सांगितलं. ओढल्याबरोबर शेडच्या ओल्या भिंतीवर लाल उजेड पसरला. "बघ," काका म्हणाले. "दोन्ही लागतात. मी निघताना तपासलेले." ते खरंच होतं. त्यांनी तपासलेलं खरं होतं, लागत होते ते खरं होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं: आता ते बटण आत करा, आणि नवं दाबा. इंग्रजीत ते वाक्य तोंडात तयार होतं, एखाद्या गोळीसारखं. काकांनी माझ्या खांद्यावर तो तीन बोटांचा हात ठेवला आणि पापांना म्हणाले, "बरं झालं, पोरीनं लिहून दिलं. बोलली असती तर उरलेली आठ गेली असती." पापा हसले, दारातून आई हसली, मी हसले. कागद काकांनी घडी करून खिशात घातला.

आज माझी स्वतःची गाडी आहे. तिच्यात दिवे आपोआप लागतात. अंधार झाला की ती स्वतःच ओळखते. तरी निघण्यापूर्वी मी खाली उतरून मागून एक फेरी मारते. माझी मुलं याला म्हातारपण म्हणतात.

काकांनी कागद खिशात घातला त्या रविवारनंतरच्या गुरुवारी पापा दुपारीच घरी आले. नुव्हेल फ्रांसच्या अलीकडे एक उसाची लॉरी मागून अगदी अंगावर आली, हॉर्न मारला, करकचून ब्रेक लावला आणि तरीही शेवटी बंपरला टेकलीच. पापा हे सांगताना हसत होते, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता, म्हणत होता की रस्त्यात गाडीच नव्हती, एकदम उगवली. "झोपलेला असणार," पापा म्हणाले. "गाडी काय जमिनीतून उगवते?" मागच्या सीटवर हॉटेलात चादरी धुणारी एक बाई होती, ती उरलेला सगळा रस्ता रडत होती. आईने मीठ-मोहऱ्या घेऊन गाडीवरून ओवाळल्या, पुढून, बॉनेटवरून. मी मागे गेले. बंपर आत दबलेला होता, आणि त्या खाचेत उसाचं एक हिरवं पातं अडकलं होतं. मी ते ओढून काढलं. त्याने माझं बोट कापलं, कागदाने कापावं तसं, अगदी बारीक. ते पातं मी फ्रॉकच्या खिशात ठेवलं आणि झोपेपर्यंत चाचपत राहिले.

शुक्रवारी पापांना सुटी होती. शनिवारी माएबूर्गला मावशीच्या मुलीची हळद होती, आणि आई पापांबरोबर जाणार होती. मला मागे राहून घर सांभाळायचं होतं. आदल्या संध्याकाळी तिने पुऱ्या तळून डब्यात भरल्या, हिरवी साडी इस्त्री करून खुर्चीवर टाकली. घरभर तेलाचा आणि वेलचीचा वास होता. मी मनाशी ठरवलं की पापा चहा पितील तेव्हा सांगायचं. पहाटे ते चहा प्यायले, बशीत ओतून, तीन घोटांत. मी समोर उभी होते. त्यांनी विचारलंसुद्धा, काय गो, डोळे का लाल? मी म्हणाले, झोप नाही झाली.

त्या दिवशीइतकं धुकं मी नंतर कधी पाहिलं नाही. फाटकाशी पोचले तर घर दिसेना. धुकं तोंडात जात होतं, त्याला ओल्या लोखंडाची चव होती. पुढची सीट हॉटेलच्या स्वयंपाक्यासाठी ठेवलेली, तो वाटेत चढायचा होता, म्हणून आई मागे बसली, पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन. 'टक' झालं. पिवळा उजेड माझ्या पायांवरून गेला. गाडी रस्त्यावर आली, वळली, आणि मागच्या काचेत आईचा अंबाडा मला क्षणभर दिसला, त्यात माळलेलं पांढरं फूलही दिसलं, आणि मग धुक्याने ते पुसलं. एक. दोन. गाडीच्या मागून, वरच्या अंगाने, देवळाच्या वळणाकडून, एक जड इंजिन उतरत असल्याचा आवाज येऊ लागला.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. आई पुढे हा प्रसंग सांगायची तेव्हा म्हणायची, मी "आई" म्हणून ओरडले. पापा म्हणत, नाही, "पापा". आईच्या सांगण्यात ती लॉरी दरवर्षी थोडी मोठी होत गेली, आणि लाल दिवे बघून थोडी आणखी जवळ येऊन थांबत गेली. काकांनी दुसऱ्या दिवशी येऊन नव्या बटणाची तार छोट्या दिव्यांच्या तारेवर घेतली, म्हणजे मागचे लाल लागल्याशिवाय पिवळे लागणारच नाहीत. दहा मिनिटांचं काम. जाताना खिशातला तो घडी केलेला कागद त्यांनी मला परत दिला, आणि माझ्या हाकेची थट्टा त्यांनी त्यानंतर कधीच केली नाही. पण हे सगळं नंतरचं.

हाक ऐकल्याबरोबर पापा थांबले. मागून हाक आलेला माणूस थांबतो तसे, तिथेच, रस्त्याच्या मधोमध. ब्रेक दाबला तेव्हा धुक्यात लाल उजेड फुटला. तो मी पाहिला. मग त्यांनी हँडब्रेक ओढून पाय उचलला आणि तो विझला. दार उघडल्याचा आवाज आला. माझ्या हाकेने मी त्यांना तिथे उभं केलं होतं, अंधारात, आईसकट, आणि वरून ती लॉरी गिअर बदलत उतरत होती. क्षणभर मला काकांची सायकल दिसली, हँडलला लटकणारा डबा दिसला. मी फाटक उघडंच टाकून धावले आणि गाडीच्या मागे, दबलेल्या बंपरपाशी, दोन्ही हात पसरून उभी राहिले. पापा दार धरून एक पाय बाहेर टाकून उभे होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजात राग नव्हता, भीती होती.

"की एते?" त्यांनी क्रेओलमध्ये विचारलं. काय झालं? "मागून हाक का मारलीस?"

"पापा, आत बसा आणि मोठं बटण ओढा," मी म्हणाले. "मागून तुम्ही दिसत नाही. पहिल्या दिवसापासून दिसत नाही."